वर वळलेली रेघ

कार्डावर काळं काहीच नव्हतं. उराबेच्या हे आधी लक्षात आलं, मजकूर नंतर. दहा वर्षं तुरुंगातून येणाऱ्या कार्डांवर कुठं ना कुठं शाईचा पट्टा असायचाच. कधी एका ओळीवर, कधी चार ओळींवर, एकदा तर तारीख आणि नाव सोडून सगळ्यावर. पट्ट्याखाली काय असेल ते उजेडाकडं धरून पाहायची त्याला सवय लागली होती. आज सगळं लख्ख दिसत होतं, तरी त्यानं कार्ड खिडकीकडं धरलं. खिडकीची काच मेमधल्या बॉम्बहल्ल्यात गेली होती. तिथं लावलेल्या तेलकट कागदातून पिवळट उजेड येत होता. अक्षर योहेइचंच होतं, पूर्वीपेक्षा मोठं, आणि प्रत्येक उभी ओळ खाली येता येता डावीकडं कललेली. ‘बुधवारी, दहा तारखेला सकाळी सोडणार असं सांगितलंय. आईला आणता आलं तर आण. तिच्यापुढं वाकून सांगायचंय, की दगड काढला नाही.’ उराबेनं कार्ड उलटं केलं, पत्ता वाचला. वर्तमानपत्राचं नाव, मुद्रितशोधन विभाग, उराबे तोकुजी. पत्त्यात चूक नव्हती. त्यानं कार्ड पुन्हा सुलटं केलं.

“काय मास्तर, वाचताय की तपासताय?” समोरच्या टेबलावरून हागिओनं विचारलं. हागिओ या विभागातला सगळ्यांत जुना माणूस. युद्धात त्याचा मुलगा गेला, घर गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली असं तो स्वतःच सांगायचा.

“वाचतोय.”

“मग चूक सापडल्यासारखा चेहरा कशाला?” हागिओनं ओल्या शाईचा लांबट कागद त्याच्यापुढं सरकवला. “हे घ्या. तुमच्याच लोकांची बातमी. बुधवारी सुटणार म्हणे. पाहा, महिन्यापूर्वीपर्यंत आपण ‘कम्युनिस्ट’ या शब्दाच्या जागी फुल्या टाकत होतो. आता अख्खा शब्द टाकायचा. खाली छापखान्यात फुल्यांचे खिळे वितळवायला काढलेत. दोन पेट्या भरल्या.”

“माझी लोकं नाहीत ती,” उराबे म्हणाला.

“हो, विसरलोच. तुमची चौतीस सालापर्यंतच होती.”

त्यात विष नव्हतं. हागिओ सगळ्यांशीच असा बोलायचा. उराबेनं लाल पेन्सिल उचलली आणि बातमी वाचायला घेतली. ती एकोणीस ओळींची होती. एका ठिकाणी खिळा उलटा बसला होता, तो त्यानं दुरुस्त केला. एरवी हे काम तीन मिनिटांचं. आज तो प्रत्येक ओळीच्या शेवटी पोचला की वरचं विसरत होता आणि त्याला पुन्हा पहिल्या ओळीवर यावं लागत होतं. बुधवार. आज सोमवार. मध्ये एक दिवस. दहा वर्षं जे वाक्य तो दोन माणसांच्या मधोमध उभा राहून अडवत आला होता, ते बुधवारी सकाळी त्या दोघांच्या मधून सरळ जाणार होतं.

ते दोघं म्हणजे योहेइ आणि त्याची आई तोमे. योहेइ आणि उराबे एकाच गटात होते. लाकडी चपलांचे पट्टे विकणाऱ्या एका दुकानाच्या माळ्यावर दोघं मेणकागदावर टोचणीनं अक्षरं कोरत आणि रोलर फिरवून पत्रकं छापत. तेहतीस सालच्या फेब्रुवारीत एकाच आठवड्यात दोघांना पकडलं. पुढच्या वर्षी उराबेनं लिहून दिलं. तीन पानं. माझे विचार चुकीचे होते, ते मी मनापासून सोडले आहेत, इथून पुढं बादशहाची निष्ठावंत प्रजा म्हणून राहीन. मारहाणीनं नव्हे, मारहाण पहिल्या चार महिन्यांतच संपली होती. त्याला लिहायला लावलं ते शांततेनं, खिडकीतून येणाऱ्या भाताच्या वासानं, शेजारच्या कोठड्यांतले लोक एकामागून एक लिहून देत असल्याच्या बातम्यांनी. निदान तो स्वतःला असं सांगत आला होता. लिहून झाल्यावर त्यानं तीन पानं तपासली आणि एक चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं. ते मात्र तो कधी विसरला नाही. योहेइनं लिहून दिलं नाही. त्याला उत्तरेला, होक्काइदोच्या टोकाला पाठवलं.

सुटून आल्यावर उराबे पहिल्यांदा तोमेकडं गेला. नदीपलीकडच्या वस्तीत तिचं लोणच्याचं दुकान होतं. मुळ्याची पिंपं दारापर्यंत, आणि सगळ्या गल्लीला त्यांचा वास. तो दारात जमिनीला कपाळ टेकून बसला आणि मनात जुळवून आणलेलं काहीच त्याला बोलता येईना. तोमे हिमाच्या मुलखातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिनं हात पुसले आणि विचारलं, “जेवलास का?” मग भात वाढला, मुळा वाढला, आणि तो खाईपर्यंत ती पाठमोरी बसून राहिली. नंतर पुष्कळ दिवसांनी त्याला कळलं, की खाताना तो रडत होता आणि ते दिसू नये म्हणून ती पाठ करून बसली होती. पुढच्या वर्षी, शरद संपता संपता, तिनं त्याला बोलावून घेतलं. कार्ड विकत आणून ठेवलं होतं.

“लिही. योहेइ, थंडी पडायला लागली. मी बरी आहे.” ती थांबली. पिंपाकडं पाहत राहिली. “लोणचं फार आंबायला लागलंय. आता दगड काढ.”

उराबेनं मान वर केली. ती त्याच्याकडं पाहत नव्हती, म्हणूनच त्याला समजलं. तुझ्या मित्रासारखं लिहून दे आणि घरी ये, असं तिला म्हणायचं होतं, आणि तो मित्रच समोर दौत घेऊन बसला होता. त्याला लागू नये म्हणून तिनं मुळा, पिंप आणि पिंपावरचा दगड पुढं केला होता. योहेइ लोणच्यातच वाढलेला. मुळा पुरता मुरला की दगड काढतात, नाहीतर तो आंबून कामातून जातो, हे त्याला सांगायला नको. त्याला कळणार होतं. उराबेचे कान तापले. तो लिहू लागला.

तिच्या तोंडचा शब्द होता ‘तोरिना’. काढ बाबा, काढून टाक. ‘तोरुना’ म्हटलं की उलटं होतं, काढू नकोस. मधल्या एका अक्षराचा फरक. पहिलीतल्या मुलांना जी सुटी, सरळसोट अक्षरं शिकवतात, त्याच अक्षरांत तो लिहीत होता, कारण तुरुंगातल्या तपासनिसांना तीच आवडत. त्या अक्षरांत ‘रि’ म्हणजे दोन उभ्या रेघा, डावी आखूड, उजवी लांब. तीच उजवी रेघ पायाशी वर वळली की झाला ‘रु’. निब स्वस्तातली होती, कार्डाचा कागद केसाळ. उजव्या रेघेच्या पायाशी निब कागदाच्या धाग्यात अडकली आणि उचलताना वर गेली. त्यानं पाहिलं. पाहणं हाच त्याचा धंदा होता; त्याच महिन्यात एका नातेवाइकाच्या शब्दावर त्याला मुद्रितशोधकाची जागा मिळाली होती. कार्ड एकच आहे, खाडाखोड केलेलं कार्ड तुरुंगात घेत नाहीत, उद्या दुसरं आणू, असं तो मनात म्हणाला. तोमे म्हणाली, “वाच बघू.” त्यानं वाचलं. तोरिना. मग गल्लीच्या टोकाला येऊन त्यानं तेच कार्ड पेटीत टाकलं.

निबेची चूक तेवढीच. पुढचं निबेवर ढकलता येत नव्हतं. दोन महिन्यांनी योहेइचं उत्तर आलं, मधल्या दोन ओळी काळ्या, पण शेवट स्वच्छ: ‘आई, तू असं सांगशील असं वाटलं नव्हतं. इथं ज्याच्या त्याच्या घरून उलटंच लिहून येतं. दोन दिवस तेवढं एकच वाक्य वाचतोय. दगड जागेवर राहील.’ उराबेनं ते ट्राममध्ये उभ्यानं वाचलं आणि उतरायचा थांबा चुकवला. कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं त्याला वाटलं. त्या हाताची त्याला लाजही वाटली आणि तो निघून जाऊ नये असंही वाटलं. दुकानात तोमे वाट पाहत होती. तो कार्ड समोर धरून म्हणाला, “आई, पाहतो. विचार करतोय.” आणि वर ओठातल्या ओठात, “प्रकृती बरी आहे.”

“करू दे विचार,” ती म्हणाली होती. पुढच्या शरदात तिनं तेच वाक्य सांगितलं आणि उराबेनं उजवी रेघ वर वळवली. त्याच्या पुढच्या शरदातही. “विचार करायला काय इतकी वर्षं लागतात? त्याच्या बापाला दुकान विकायचं की नाही ते ठरवायला एक चिलीम पुरली,” असं ती एकदा म्हणाली आणि दोघंही हसले. तो हसला हे उराबेला अजून आठवत होतं. कार्डं कचेरीच्या पत्त्यावर मागवायचं त्यानंच सुचवलं होतं. आळीचा मुकादम सगळ्यांची पत्रं वाचतो, असं कारण देऊन. ते खरंही होतं. एक्केचाळीस साली योहेइची शिक्षा संपली. पण नवा कायदा आला होता: ज्यांनी लिहून दिलं नाही त्यांना शिक्षा संपली तरी सोडायचं नाही. त्याला उत्तरेतून तोक्योजवळ आणून ठेवलं आणि तोमेला तुरुंगातून छापील कागद आला: आईनं समजावलं तर मुलं ऐकतात. त्या शरदात उराबेच्या हातात पेन होतं, निब नवी होती, कार्ड गुळगुळीत होतं. उजवी रेघ सरळ खाली आणली असती तर योहेइ कदाचित वर्षाच्या आत घरी आला असता. शिक्षा भोगून झाली होती, कुणी नावं ठेवली नसती. उराबे बराच वेळ रेघेच्या पायाशी थांबला. तोमे म्हणाली, “हात दुखतोय का?” तो म्हणाला, “नाही.” आणि त्यानं रेघ वर वळवली.

का, याचं उत्तर त्याच्यापाशी एक नव्हतं. निरनिराळ्या वर्षी निरनिराळी होती. योहेइला तेच हवं आहे, हे एक. आता खरं लिहिलं तर तो मोडून पडेल, हे दुसरं. तिसरं उत्तर तो क्वचितच स्वतःजवळ येऊ देई: आपल्या दोघांतला एक तरी तिथं उभा असायला हवा, आणि तो आपण नाही.

सोमवारी संध्याकाळी उराबे घरी पोचला तेव्हा तोमे दारातच फतकल मारून बसली होती, रताळ्यांचे वेल सोलत. मार्चमधल्या बॉम्बहल्ल्याच्या आगीत तिचं दुकान आणि सगळी गल्ली गेली. दुसऱ्या दिवशी ती उराबेच्या दारात आली, केस जळलेले, पाठीवर एक गाठोडं. गाठोड्यात दगड होता. ‘बाकी काही राहिलंच नाही,’ एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून ती त्याच्या दोन खोल्यांपैकी एकीत राहत होती आणि दगड दाराशी, एका फुटक्या पिंपावर. मीठ मिळेल तेव्हा ती त्यात मुळे घालायची.

“कार्ड आलं,” उराबे म्हणाला.

तिनं हात पुसले. “वाच.”

त्यानं कार्ड समोर धरलं. काळा पट्टा असता तर तिथं थांबता आलं असतं, ‘हे खोडलंय’ म्हणता आलं असतं. “बुधवारी, दहा तारखेला सकाळी सोडणार असं सांगितलंय. आईला आणता आलं तर आण.”

“पुढं?”

“एवढंच.”

“एवढंच?” तिनं हात पुढं करून कार्ड घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. “ही शेवटची ओळ मग कसली?”

“नाव आहे. आणि प्रकृतीचं.”

“इतकं लांब नाव आहे होय त्याचं.” ती कार्ड कमरेच्या पट्ट्यात खोचत म्हणाली. “म्हणजे शेवटी दगड काढला त्यानं.”

उराबे वाकून चपला सरळ करत राहिला. “आता लिहून द्यावं लागत नाही, मावशी. युद्ध हरलो. अमेरिकनांनी हुकूम काढला, सगळ्यांना तसंच सोडतायत.”

“तसंच?”

“तसंच.”

ती पुन्हा वेल सोलू लागली. मग म्हणाली, “अमेरिकनांनी सांगितलेलं ऐकतात हे लोक. आईनं सांगितलेलं पोराला ऐकू येत नाही. विचारीन त्याला.”

मंगळवारी कचेरीत बसल्या बसल्या त्यानं वाटा शोधल्या. पाऊस येणार होता. गाड्यांना खिडक्यांच्या जागी फळ्या मारलेल्या, माणसं छपरावर बसून गावाकडं तांदूळ शोधायला जातात. म्हातारीला सत्तरावं वर्ष. आपण एकट्यानं जावं, योहेइला बाजूला घ्यावं, सांगावं. काय सांगावं, इथं त्याचं वाक्य थांबायचं. ‘तुला जे टिकवून होतं ते मी लिहिलं’? की ‘तुला जे बाहेर आणू शकलं असतं ते मी खोडलं’? मुद्रितशोधनात एक अक्षर खोडून दुसरं बसवायला एकच खूण असते. एकदा तोमे योहेइला तुरुंगात भेटली होती, बेचाळीस साली, सात मिनिटं. उराबे बाहेर भिंतीशी उभा होता. आज सगळं संपतं, असं तो तेव्हाही स्वतःला म्हणाला होता, आणि त्यात भीतीइतकाच सुटकेचा भाग होता. ती बाहेर आली आणि म्हणाली, “थंडी वाजते का विचारलं. नाही म्हणाला. तब्येतीपलीकडं काही बोलायचं नाही असं शिपायानं आधीच बजावलं होतं. आपलं घरातलं त्याच्यापुढं कसं विचारणार?” परतताना तिला झोप लागली होती, डोकं त्याच्या खांद्यावर.

“उद्या सुट्टी हवी,” त्यानं हागिओला सांगितलं.

“घ्या. गर्दी असेल. झेंडे असतील. तिथं तुम्हाला कुणी ओळखलं तर?”

“तर काय?”

“काही नाही. छत्री न्या.” हागिओनं मान न उचलता पुढचा कागद ओढला.

घरी तोमेला तो म्हणाला, “मावशी, पाऊस आहे. मी त्याला इथं घेऊन येतो. तुम्ही भात करून ठेवा.”

“तांदूळ कुठायत?” ती म्हणाली. “मी चालत जाईन हवं तर. तू छत्री धर.”

बुधवारी पाऊस पहाटेपासूनच होता, बारीक, थंड. स्टेशनापासून तुरुंगापर्यंतच्या रस्त्यावर चिखल आणि माणसं. भिंतीपाशी चारपाचशे लोक असतील. त्यांत कोरियन पुष्कळ, आपल्या भाषेत मोठ्यानं बोलणारे, हसणारे. त्यांना असं मोकळेपणी बोलताना उराबेनं कधी ऐकलं नव्हतं. लाल झेंडे घरी रंगवलेले, पावसानं रंग काठीवरून मनगटांवर उतरत होता. तोमेनं मुळ्याच्या फोडींचा डबा फडक्यात बांधून छातीशी धरला होता आणि दुसऱ्या हातात उराबेची बाही. तिनं ती स्टेशनावर धरली होती, अजून सोडली नव्हती. शेजारचा एक चष्मेवाला माणूस वळून म्हणाला, “आजी, कुणाच्या आई?”

“इनोमाता योहेइची.”

माणूस टोपी काढून वाकला. मग उराबेकडं पाहून म्हणाला, “तुम्हीही आतले वाटता. चेहरा पाहिलेला आहे. कुठल्या साली सुटलात?”

“चौतीस.”

“असं,” तो म्हणाला. टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि पुढं पाहू लागला. चौतीस साली कोण कसं सुटत होतं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. उराबेला आश्चर्य वाटलं ते याचं, की त्याला लागलं नाही. त्याचं सगळं लक्ष दरवाजावर होतं. योहेइ बाहेर येताच आपण चार पावलं पुढं जायचं, हात धरायचा, कानात एवढंच म्हणायचं: दगडाचं बोलू नकोस. बारा शब्दही लागणार नाहीत. नंतर काय ते नंतर. त्यानं बाही हळूच ओढून पाहिली. तोमेनं मूठ घट्ट केली.

दहा वाजता दरवाजा उघडला. आवाज उठला, झेंडे पुढं सरकले. बाहेर येणारे लोक उन्हाळी कपड्यांतले, उजेड नसतानाही डोळे बारीक करणारे. योहेइला उराबेनं ओळखलं नाही, तोमेनं ओळखलं. एक बुटका, पांढऱ्या केसांचा माणूस, गाल आत गेलेले. मग त्यानं तोंड उघडलं आणि कळलं, की पुढचे दात नाहीत म्हणून गाल तसे दिसतात. एक्केचाळीस वर्षांचा माणूस. तो सरळ त्यांच्याकडं आला. उराबे पुढं झाला, “योहेइ, एक मिनिट...” पण योहेइनं त्याच्या दंडाला नुसता हात लावला, जसा वाटेतल्या खांबाला लावावा, आणि तो चिखलात गुडघे टेकून आईपुढं वाकला.

“आई, टिकलो.”

“ऊठ, भिजतोयस,” तोमे म्हणाली.

तो उठला नाही. “आत सगळ्यांना घरून पत्रं यायची. लिहून दे, बाप आजारी आहे, बायको चाललीय. मोठमोठी माणसं त्या पत्रांनी मोडली. मी म्हणायचो, माझी आई बघा. दर शरदात एकच ओळ. लोणचं फार आंबतंय, तरी दगड काढू नकोस.” तो हसला, तोंडातली पोकळी दिसली. “ते तपासणारेसुद्धा फसले. त्यांना वाटायचं, खरंच लोणच्याचं आहे.”

बाहीवरची मूठ सुटली नाही. उराबेला ती आता मूठ वाटेना, वजन वाटू लागलं. पाऊस छत्रीवर पडत होता, छत्री आपण धरली आहे एवढंच त्याला कळत होतं. तोमेनं मान वळवली आणि त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. दुकानात गिऱ्हाइकानं परत आणलेला मुळा ती जशी पाहायची, वरून, खालून, वास घेऊन, तशी. किती वेळ, ते त्याला पुढं कधीच नेमकं सांगता आलं नाही. मग ती मुलाकडं वळली.

“हो,” ती म्हणाली. “मीच म्हणाले.”

योहेइनं दोन्ही हातांनी तिचा हात धरला. तिनं डब्याचं फडकं सोडलं. त्यानं एक फोड उचलली, तोंडात फिरवली आणि चावता न आल्यामुळं चोखत राहिला. मागून कुणी हाका मारत होतं. ट्रक थांबला होता, सगळ्यांनी शहरातल्या सभेला जायचं होतं. “आज घरी येत नाही, आई,” तो म्हणाला. “कामं पडलीयत. आमची राहायची सोय एकत्रच केलीय. महिनाभर तरी जमणार नाही. तू समजशील. तुला काय सांगायचं, तूच तर...” त्यानं खिशातून पत्त्याचा कपटा काढून उराबेच्या हातात दिला. “हिला इतकी वर्षं सांभाळलंस. पत्रं लिहिलीस. तुझं मी विसरणार नाही, उराबे.” ट्रकच्या फळीवर चढताना त्याचा पाय घसरला, दोघांनी वर ओढलं. झेंड्यांमागं तो दिसेनासा झाला.

दोघं परतीच्या रस्त्याला लागले. तोमेनं बाही सोडली होती. ती पुढं चालत होती आणि उराबे छत्री तिच्या डोक्यावर राहील इतकं मागून. आपण आता बोलायला हवं, हे त्याला कळत होतं. त्यानं वाक्यं जुळवली, तपासली, प्रत्येकात चूक निघाली. स्टेशनाच्या छपराखाली बाकावर ती बसली. गाडीला वेळ होता. शेजारी टपालाची लाल पेटी, तिचा रंग उडालेला.

“कार्ड आहे?” तिनं विचारलं.

कोटाच्या आतल्या खिशात त्याच्याकडं नेहमीच कोरं कार्ड असे.

“लिही. योहेइ.” ती थांबली. “लोणचं फार आंबायला लागलंय. आता दगड काढ. घरी ये.”

पेन्सिल हलेना. “मावशी, हे वाचून त्याला...”

“त्याला काय? आजवरचं त्याला कळवायचं नाही. तुझ्या तोंडून नाही आणि माझ्याही. बारा वर्षं त्यानं काढली, ती त्याची आहेत, ती मी कशाला काढून घेऊ? पण हे माझं वाक्य आहे. मला ते त्याच्यापर्यंत पोचवायचंय. एकदा तरी.”

उराबेनं लिहिलं. आधी कपट्यावरचा पत्ता, मग मजकूर, गुडघ्यावर कार्ड ठेवून, पहिलीतल्या मुलांच्या अक्षरांत. लिहून झाल्यावर त्यानं ते सवयीनं वरपासून खालपर्यंत तपासलं.

“वाच.”

त्यानं वाचलं.

“ते अक्षर कुठलं?”

त्यानं दाखवलं. तिनं बोट पुढं केलं, मिठानं चिरा पडलेलं. त्यानं ते धरून अक्षरावर टेकवलं. “दोन रेघा. ही आखूड, ही लांब.”

“आणि तू काय करायचास?”

तो तिच्याकडं पाहू शकला नाही. त्यानं तिचं बोट लांब रेघेवरून खाली आणलं आणि पायाशी, उजवीकडं, किंचित वर वळवलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

गाडीची घंटा झाली. फलाटावरची माणसं गाठोडी उचलून उभी राहिली. तोमे उठली नाही. तिनं त्याच्या हातातून बोट सोडवून घेतलं, पुन्हा रेघेच्या डोक्यावर ठेवलं, आता एकटीनंच, आणि सावकाश खाली आणलं. पायाशी पोचल्यावर ती थांबली. मग तिनं ते सरळ उचललं, कार्ड त्याच्याकडून घेतलं आणि पेटीकडं निघाली.